स्मार्ट घराचे १४ महिने आणि बटणांवरची चिकटपट्टी

पहिल्या आठवड्यात मी घरातल्या सहा बटणांवर चिकटपट्टी लावली आणि वर पेनाने लिहिलं, 'बंद करू नये'. स्मार्ट बल्बचं मुख्य दुखणं हेच आहे. भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं की बल्बची वीजच तुटते, मग तो फोनचंही ऐकत नाही आणि स्पीकरचंही. सासूबाईंनी चष्मा लावून ती पट्टी वाचली. "बटण आहे, पण दाबायचं नाही. मग भिंतीवर ठेवलंय कशाला?"

मी हसण्यावारी नेलं. पाचव्या महिन्यात तेच सहा बल्ब उतरवून खोक्यात भरले.

घरात आम्ही चौघं. हौस माझी, शंका नवऱ्याच्या, मुलगा नववीत, सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे. सुरुवातीला आणलं ते असं: सहा झिगबी बल्ब (झिगबी म्हणजे अशा उपकरणांची आपसात बोलायची बिनतारी पद्धत) आणि त्या सगळ्यांना जोडणारं मधलं यंत्र, म्हणजे हब, चार स्मार्ट प्लग, हालचाल ओळखणारे तीन सेन्सर, पाण्याची गळती ओळखणारा एक, दोन कॅमेरे आणि एक बोलका स्पीकर. आज यातलं साधारण निम्मं जागेवर आहे. गंमत म्हणजे ज्या वस्तूंचं मला सगळ्यात जास्त अप्रूप होतं, त्याच आधी गेल्या.

बल्बवर जरा सविस्तर लिहिते, कारण नवा माणूस सुरुवात बल्बपासूनच करतो. रंग बदलतो, मंद होतो, पाहुणे 'वा' म्हणतात. आमच्याकडे रंग पहिले दहा दिवस बदलले. नंतर कोणी बदलल्याचं आठवत नाही. मग एका रात्री अडीच वाजता वीज गेली आणि काही मिनिटांनी परत आली, तेव्हा सहाही बल्ब पूर्ण तेजाने लागले. अख्खं घर डोळे चोळत उठलं. वीज परतल्यावर काय करायचं याची सेटिंग बल्बमध्ये असते आणि आमच्या बल्बमध्ये ती कारखान्यातूनच 'लागायचं' अशी आली होती. त्यात तर्क आहे, बटण बंद-चालू केलं तर निदान साध्या बल्बसारखा उजेड मिळावा. पण रात्री अडीचला तर्क कोण ऐकतो? नवऱ्याने तेव्हा एकच वाक्य टाकलं, "साधे होते तेव्हा झोपायचे तरी."

दुसरी गोष्ट विजेची. जाहिरातीत बचतीचं बोलतात म्हणून मी एकदा कागद-पेन घेऊन बसले. बल्ब 'बंद' असताना आदेशाची वाट बघत जागा असतो, त्यासाठी खोक्यावर अर्धा वॅट लिहिलेला. म्हणजे दिवसाला १२ वॅट-तास. बल्ब ९ वॅटचा एलईडी. तेव्हा स्मार्ट असण्याचा खर्च भरून निघायलाच त्याने रोज १ तास २० मिनिटांचं वाया जाणारं जळणं वाचवायला हवं. आमच्या घरात दिवे बंद करायची सवय सगळ्यांना आहे, त्यामुळे हा व्यवहार तोट्याचाच. उलट गिझरचा प्लग बघा. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास विसरला की एक युनिट गेलं, तेवढ्यात असे ८३ बल्ब दिवसभर जागे राहतील. गिझर सुरू झाल्यावर २० मिनिटांनी प्लग स्वतःच बंद होतो, एवढीच त्याची हुशारी, आणि तो या घरातून कोणी काढू देणार नाही. फक्त एक सांगते, गिझरला १६ अँपिअरचाच प्लग घ्या. १० अँपिअरचे सर्रास मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. मोबाइल चार्जरला ते ठीक.

बल्बच्या जागी मी वायरमनकडून बटणांच्या मागे रिले, म्हणजे दिव्याची वीज चालू-बंद करणारी छोटी यंत्रं, बसवून घेतले. बटण नेहमीसारखं चालतं, शिवाय फोनवरूनही दिवा लागतो. हे आधी का केलं नाही? कारण त्यासाठी बोर्ड उघडावा लागतो, आणि बोर्ड उघडल्यावर कळलं की दोन बोर्डांत न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, आलेलीच नाही, नुसती फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, येते आणि दिव्याकडे जाते. अशा ठिकाणी न्यूट्रलशिवाय चालणारे रिले लागतात. ते मिळतात, पण कमी वॅटचा एलईडी त्यांच्यावर कधीकधी बंद असतानाही मिणमिणतो. आमचा मिणमिणला. वायरमनने दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर टाकला, मग थांबला. जिन्यातल्या, वरून-खालून दोन्हीकडून चालणाऱ्या टू-वे बटणाला मी हातच लावला नाही.

त्यानंतर वेगळंच सुरू झालं. मोरीतला गळतीचा सेन्सर हबला सापडेना. दोन दिवस मी बॅटरी बदलत बसले. झिगबीत थेट विजेवर चालणारी बहुतेक उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. मी जे बल्ब उतरवले तेच मधले निरोप्ये होते, आणि न्यूट्रल नसलेले आमचे रिले हे काम करत नाहीत. म्हणजे पूर्वी सासूबाई पट्टी काढून बटण बंद करायच्या, तेव्हाही मोरीतला सेन्सर बहिरा होत असणार आणि मला पत्ताही नव्हता. मधल्या भिंतीवर एक झिगबी प्लग लावला, प्रश्न मिटला. त्या प्लगला आजही काहीही जोडलेलं नाही. मुलगा त्याला 'पोस्टमन' म्हणतो.

आता टिकलेल्यांपैकी सगळ्यात लाडकी वस्तू. पॅसेजमध्ये पायाच्या उंचीवर मंद दिवा आणि त्याला हालचालीचा सेन्सर. रात्री सासूबाई उठल्या की तो लागतो, दोन मिनिटांनी विझतो. त्यांना काही शिकावं लागलं नाही, फोन नको, आवाज नको. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी विषयच काढला नाही, आणि माझ्या मते याहून मोठी पसंती नसते. तोच सेन्सर बाथरूममध्ये मात्र फसला. हे सेन्सर अंगातून निघणाऱ्या उष्णतेतला बदल टिपतात. माणूस स्थिर बसला की त्यांच्या लेखी खोली रिकामी. आतून नवरा हात हलवत ओरडायचा, "अगं, मी आहे अजून!" मग तिथे रडारचा सेन्सर लावला. तो श्वासाने हलणारी छातीसुद्धा ओळखतो, पण पंख्याचा वारा लागून पडदा हलला तरी त्याला माणूसच वाटतो. संवेदनशीलता कमी करत करत दोन आठवड्यांत बसला एकदाचा.

स्पीकरबद्दल थोडक्यात. सकाळचा गजर, टायमर आणि गाणी, याच्या पलीकडे कोणी त्याच्याशी बोलत नाही. सासूबाईंनी प्रयत्न केला होता, पण आमच्या स्पीकरला घरात बोलतो ती भाषा अर्धवटच कळते. तीनदा सांगून दिवा लागला नाही, तेव्हा त्यांनी उठून लावला. "माझं ऐकायला अजून एक नको होता घरात," म्हणाल्या, आणि रोख कोणाकडे होता हे मी विचारलं नाही.

नवऱ्याची शंका वेगळी होती, हा ऐकतो किती? तो हाक मारेपर्यंत आवाज बाहेर पाठवत नाही, हे मी त्याला समजावलं. हाक ओळखायचं काम यंत्रातच होतं, त्यानंतरचं बोलणं सर्व्हरवर जातं. त्याने मग माझ्यासमोर वाचून दाखवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये उघड झालं की अ‍ॅमेझॉनच्या अलेक्सा या बोलक्या सहायकाची काही ध्वनिमुद्रणं कंपनीसाठी काम करणारी माणसं ऐकत होती. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाची मुद्रणं ठेवून घेतल्याच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत २.५ कोटी डॉलर दंड मान्य केला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला: स्पीकर झोपायच्या खोलीत नाही, आणि माइक बंद करायचं बटण कोणीही, कधीही, कारण न सांगता दाबू शकतं.

पण खरा वाद कंपनीवरून झालाच नाही, तो कॅमेऱ्यावरून झाला, आणि घरातल्या घरात झाला. हॉलमधला कॅमेरा मी सासूबाईंच्या काळजीने लावला होता. दुपारी ऑफिसमधून बघायचे, त्या खुर्चीत आहेत ना, चालताना तोल जात नाही ना. एक दिवस फोनवर चित्रच दिसेना. घरी येऊन बघते तर कॅमेऱ्यावर रुमाल. त्या रागावल्या नव्हत्या. "तू बघतेस ते कळतं गं. पण मग मला दिवसभर नीटच बसावं लागतं." मी त्याच संध्याकाळी तो उतरवला. पासवर्ड, एन्क्रिप्शन यांवर मी तासन्‌तास वाचलं होतं, पण ज्यांच्यावर कॅमेरा रोखला त्यांना विचारलं नव्हतं. दाराबाहेरचा कॅमेरा राहिला, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

पासवर्डवरून आठवलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (हॅकरने ताब्यात घेतलेल्या यंत्रांचं जाळं) लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही कारखान्यातून येणारे ठरावीक पासवर्ड वापरून. त्यामुळे कॅमेरा, स्पीकर आणि अशी सगळी मंडळी मी राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर, बसवली आहेत, घरच्या लॅपटॉपपासून वेगळी. नवी वस्तू वाय-फायला जोडली जात नसेल तर बहुधा भानगड वाय-फायच्या दोन पट्ट्यांची, २.४ आणि ५ गीगाहर्ट्झची असते. बरेच स्वस्त प्लग फक्त २.४ वरच चालतात.

सातव्या महिन्यात एका प्लगच्या अ‍ॅपने वेळापत्रकासाठी मासिक वर्गणी मागितली. आदल्या दिवसापर्यंत ते फुकट होतं. प्लग माझा, भिंत माझी, वीज माझी, आणि सात वाजता बंद हो म्हणायला भाडं! नाव घेत नाही. पण यापेक्षा वाईट घडलेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा हब बनवणारी कंपनी नेस्ट या दुसऱ्या स्मार्ट-घर कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तो हब पूर्ण बंद केला, लोकांच्या घरातली चालती यंत्रं निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-घर कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना न सांगता बंद पडले, पुढे काही जुन्या ग्राहकांनी मिळून ती कंपनी विकत घेतली. हे वाचलं आणि मी एका छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं. आता दिवे, सेन्सर, गिझर यांचं सगळं घरातल्या घरात चालतं, इंटरनेट गेलं तरी. नवीन घेताना मी मॅटरचं चिन्ह बघते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं हे मानक वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू घरच्या नेटवर्कवर एकत्र चालवायला आहे. मूळ कामं नीट होतात, पण खास सुविधा अजूनही बऱ्याचदा कंपनीच्याच अ‍ॅपमध्ये कोंडलेल्या असतात. आणि हो, उपकरणावरच्या जोडणीच्या कोडचा फोटो बसवण्याआधी काढा. माझा एक कोड रिलेवर, रिले बोर्डात आणि बोर्ड कपाटामागे आहे.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये एक मांडणी केली होती, की माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो ते दोन गोष्टींवर: उपयोगाचं वाटतं का आणि सोपं वाटतं का. ती ऑफिसात कॉम्प्युटर वापरणाऱ्यांकडे बघून केलेली होती, तिथे एका माणसासमोर एक यंत्र. आमच्याकडे विकत घेणारी एक आणि वापरणारे चार. उपयोग मला दिसत होता, आणि सोपं वाटायला हवं होतं ते बाकी तिघांना.

स्मार्ट कुलूप आम्ही घेतलं नाही. मत विभागलं, दोन विरुद्ध दोन, आणि दाराच्या बाबतीत एवढंही पुरे.

गळतीच्या सेन्सरने मात्र एकदाच काम केलं आणि सगळ्यांचे पैसे वसूल केले. पहाटे वॉशिंग मशीनचा पाइप निखळला. फोन वाजला तेव्हा मोरीच्या उंबऱ्यापर्यंत पाणी होतं, पलीकडे लाकडी कपाट. त्या दिवसापासून नवरा 'तुझी खेळणी' म्हणायचा बंद झाला. दोन सेन्सर त्याने स्वतःहून मागवले.

गेल्या महिन्यात मी नऊ दिवस बाहेरगावी होते. परत आल्यावर बघते तर छोट्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड मेलेलं. तारखेवरून कळलं, मी निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आठ दिवस एकही ऑटोमेशन, म्हणजे आपोआप व्हायचं ठरवून दिलेलं काम, चाललं नव्हतं, गळतीची सूचनाही आली नसती. नवऱ्याला विचारलं, फोन का नाही केलास? त्याला काही माहीतच नव्हतं. स्पीकर वेगळा चालत होता, गिझरचा टायमर प्लगच्या आत आहे. पॅसेजमधला दिवा तेवढा लागत नव्हता.

"मग आई, रात्री काय करत होतात?"

"बटण दाबत होते," सासूबाई म्हणाल्या.

कार्डाऐवजी आता जास्त टिकाऊ साठवण, एसएसडी, बसवली आहे, बॅकअप रोज रात्री दुसरीकडे जातो. बटणांवरच्या चिकटपट्टीचा डिंक मात्र अजून निघालेला नाही.