एमडी पीडियाट्रिक्सनंतर संशोधक व्हायचंय: अमेरिका की इथेच?

थीसिस एकदाचा जमा झाला की बहुतेक रेसिडेंट (एमडी करत असलेले डॉक्टर) सुटकेचा निःश्वास टाकतात. ज्यांना त्या दिवशी थोडी हुरहुर वाटली, त्यांच्यासाठी हा आढावा. प्रॅक्टिस सांभाळून वर्षाला एखादा पेपर काढणारे पुष्कळ आहेत. त्यांना यातलं काही लागणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) सक्तीचा केलेला बीसीबीआर हा संशोधन पद्धतींचा कोर्सही इथे मोजायला नको. त्यातून संशोधनाची भाषा कळते, एवढंच. प्रश्न आहे तो संशोधन हेच मुख्य काम असणारा बालरोगतज्ज्ञ कुठे घडतो हा.

अमेरिकेत या वाटेला नाव, नियम आणि पैसा तिन्ही आहे. तिथल्या बालरोग विभागप्रमुखांच्या संघटनेचा पीडियाट्रिक सायंटिस्ट डेव्हलपमेंट प्रोग्रॅम तरुण डॉक्टरला वॉर्डातून काढून काही वर्षं एखाद्या कसलेल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली बसवतो. बालरोगतज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्सनेही सवलती ठेवल्या आहेत. एका मार्गात तीन वर्षांच्या रेसिडेन्सीतले (रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणातले) ११ महिन्यांपर्यंत संशोधनाला देता येतात. दुसऱ्यात रेसिडेन्सी दोन वर्षांवर येते आणि पुढची सबस्पेशालिटी (उपशाखेचं प्रशिक्षण), संशोधनासह, किमान चार वर्षांची होते. त्यानंतर एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची के-०८ (प्रयोगशाळेतलं काम) किंवा के-२३ (थेट रुग्णांवरचं संशोधन) ही अनुदानं. त्यांची खरी किंमत एका अटीत आहे: किमान ७५ टक्के वेळ संशोधनालाच द्यायचा. ‘आज नवजात बाळांच्या आयसीयूत माणूस कमी आहे, जरा ये’ असं म्हणायची सोय विभागप्रमुखाला राहत नाही.

पण महाराष्ट्रातल्या एमडीने इथे थांबून हिशेब करावा. के-०८ आणि के-२३ फक्त अमेरिकन नागरिकांना किंवा ग्रीन कार्डधारकांना मिळतात. संस्थांना मिळणाऱ्या एनआयएचच्या के-१२ निधीतल्या जागांनाही तीच अट. के-९९ परदेशी माणसाला खुलं आहे, पण ते पोस्टडॉकसाठी, म्हणजे डॉक्टरेटनंतर संशोधनाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी. रुग्ण बघता बघता तिथवर पोचणारे थोडे. इथली एमडी तिथे सहसा धरली जात नाही, म्हणून यूएसएमएलई ही परवाना परीक्षा, मॅच ही रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याची फेरी, पुन्हा तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग सबस्पेशालिटीची तीन वर्षांची फेलोशिप. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर गेलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं किंवा ती अट माफ करून घ्यायची. अठ्ठाविसाव्या वर्षी निघालेला डॉक्टर स्वतःच्या अनुदानाला पात्र होईपर्यंत पस्तिशी ओलांडतो. थेट रिसर्च फेलो म्हणून जाणं सोपं असतं, पण त्यात रुग्णाला हात लावता येत नाही. दोन-तीन वर्षांनी क्लिनिकल सवय गेलेली असते आणि ती मोडलेली कोणालाच परवडत नाही.

ब्रिटनचं थोडक्यात: एनआयएचआर या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या अॅकॅडेमिक क्लिनिकल फेलोशिपमध्ये २५ टक्के वेळ संशोधनाला, मग पीएचडी, मग ५० टक्के वेळ देणारी क्लिनिकल लेक्चररशिप. शिडी सुबक आहे. एमआरसीपीसीएच ही तिथली बालरोगाची परीक्षा देऊन एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) आधीच रुळलेल्यांनी जरूर बघावी. नुसत्या या शिडीसाठी देश सोडावा, असं मी म्हणणार नाही.

आता इथलं. २००८-०९ पासून सुरू असलेल्या डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्सने (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांचा संयुक्त निधी) डॉक्टरांसाठी वेगळ्या क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ फेलोशिप दिल्या आहेत: पाच वर्षांचा पगार आणि संशोधनाचा खर्च. रक्कम आणि पात्रता दर फेरीला बदलू शकते, तेव्हा चालू जाहिरातच वाचा. इथे अडचण पैशाची कमी, वेळेची जास्त. फेलोशिपच्या पत्रात वेळ राखीव असतो, ड्यूटीच्या तक्त्यात नसतो. पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड भरला की फेलोही ओपीडीत बसतो. पाच वर्षं संपल्यावर कायम जागा मिळेल का, याचं उत्तर तर फार थोड्या संस्था देतात.

मग इथे राहायचं कशाला? प्रश्नांसाठी. एम्समधल्या महाराज किशन भान या बालरोगतज्ज्ञाने नवजात बाळांमध्ये सापडलेला रोटाव्हायरसचा (मुलांना जुलाब घडवणाऱ्या विषाणूचा) ११६-ई हा प्रकार लशीपर्यंत नेला. ती लस, रोटावॅक, २०१६ पासून सरकारी लसीकरणात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासाने जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा माग काढला. वजनाने कमी पण चरबीने तुलनेने जास्त असलेलं भारतीय बाळ जगाला त्यातून कळलं. हे प्रश्न बोस्टनच्या प्रयोगशाळेत बसून सुचणारे नव्हते. विदर्भातला सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असाच आहे.

मला सर्वांत पटणारी वाट मधली आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग (दोघंही बालरोगतज्ज्ञ नव्हेत) जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले, परतले आणि गडचिरोलीत बसले. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेला ४७ गावं होती; नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाहेरून पद्धत शिकून यायचं, प्रश्न आणि रुग्ण इथले. एक-दोन वर्षांत भागतं आणि वयाचा हिशेब कोलमडत नाही.

तेव्हा जीन थेरपी किंवा दुर्मिळ आजारांच्या मुळाशी जायचं असेल आणि घरची जबाबदारी लांबवता येत असेल, तर अमेरिका. पण तो निर्णय एमडीच्या पहिल्या वर्षातच घ्या, नंतर घेतला की रेसिडेन्सी दोनदा होते. नवजात बाळं, कुपोषण, संसर्ग, वाढ यांत रस असेल तर इथेच थांबा आणि शहर न बघता गाइड बघा. त्यांना भेटाल तेव्हा विचारा: आठवड्यातले किती दिवस संशोधनाचे, ते नेमणूकपत्रात लिहून मिळतील का, आणि त्या दिवशी माझी ओपीडी कोण घेणार? आधीचा फेलो आज कुठे आहे, हेही विचारा आणि जमल्यास त्याला स्वतः फोन करा. अर्जात ठोस प्रश्न आणि थोडा प्राथमिक डेटा लागतो. तो तुमच्या थीसिसमध्ये बहुधा आधीच आहे. मास्टर चार्ट (थीसिसमधल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) जपून ठेवा आणि बाँडच्या (एमडीनंतरच्या सक्तीच्या सेवेच्या) वर्षातच त्यावर पहिला पेपर लिहायला घ्या.