एलरी क्वीन घ्यावं की निकी फ्रेंच? नाव एक आणि लिहिणारे दोघं

मामेभावाने परवा विचारलं, ताई ते दोघं मिळून एकाच टोपणनावाने डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहितात ना, त्यातलं काय घेऊ, सुट्टीत जेमतेम दोन पुस्तकं होतील माझी. फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला, म्हटलं लिहूनच टाकू.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर हेही टोपणनावच, पण लिहिणारे चंद्रकांत चव्हाण एकटेच होते. इथे भानगड वेगळी आहे. आणि माझं म्हणणं असं की आधी दोघांनी काम कसं वाटून घेतलं होतं ते बघा, पुस्तक तुम्हाला आवडणार की नाही ते बरंचसं तिथेच ठरतं.

एलरी क्वीन म्हणजे ब्रुकलिनचे दोन कझिन, फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली, पहिलं पुस्तक 'द रोमन हॅट मिस्ट्री' १९२९ चं. डॅने अख्खा सांगाडा रचायचा, कोण मेलं, कसं मेलं, कुठला क्लू कुठे पेरायचा, आणि ली त्यावरून कादंबरी लिहून काढायचा, आणि दोघांची भांडणं इतकी की त्यांची पत्रं नंतर पुस्तक म्हणून छापून आलीत ती वाचताना वाटतं हे पुढचं पुस्तक काही पूर्ण करत नाहीत. पण या वाटणीमुळे कोडं कसलं घट्ट बसतं! 'रोमन हॅट'मध्ये नाटक चालू असताना प्रेक्षकांत एक वकील मरून पडलेला सापडतो, कपडे सगळे झकपक पण टॉप हॅट गायब, पोलीस अख्खं थिएटर पालथं घालतात तरी हॅट नाही. आणि शेवटाच्या आधी पुस्तक चक्क थांबून वाचकाला आव्हान देतं, सगळे पुरावे तुमच्यासमोर आलेत, आता सांगा खुनी कोण. मी वही-पेन घेऊन बसले होते, साफ चुकले. आता तोटा, सुरुवातीच्या पुस्तकांत माणसं पुठ्ठ्याची वाटतात, आणि हिरो एलरी (हो, लेखकाचं आणि डिटेक्टिव्हचं नाव एकच) जरा शिष्टच आहे.

म्हणून मी सुरुवात 'कॅलॅमिटी टाउन' (१९४२) पासून करायला सांगते. राइट्सव्हिल नावाचं छोटं गाव, नवीन लग्न झालेली नोरा, तिला नवऱ्याच्या पुस्तकात तीन पत्रं सापडतात, नवऱ्याच्याच अक्षरात, बायको आजारी पडली, मग आणखी खालावली, मग वारली, आणि तारखा सगळ्या पुढच्या!! इथे कोडं आहेच, शिवाय नोराची काळजीही वाटते. एक सावधगिरी, साठच्या दशकातली बरीच क्वीन पुस्तकं प्रत्यक्षात दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत, तेव्हा जुन्या बाजारात क्वीन दिसलं की लगेच उचलू नका, साल बघा.

निकी फ्रेंच म्हणजे निकी जेरार्ड आणि शॉन फ्रेंच, इंग्लंडमधलं नवरा-बायकोचं जोडपं. यांच्यात सांगाडा एकाचा आणि लिखाण दुसऱ्याचं असं नाही, एकाने प्रकरण लिहायचं, दुसऱ्याकडे पाठवायचं, त्याने हवं ते खोडायचं, बदलायचं, पुढे लिहायचं. कुठलं वाक्य कोणाचं ते काही कळत नाही, मी शोधायचा प्रयत्न करून सोडून दिला. 'ब्लू मंडे' (२०११) मध्ये फ्रीडा क्लाइन ही लंडनची सायकोथेरपिस्ट, झोप येत नाही म्हणून रात्री शहरात पायी भटकणारी. तिचा एक पेशंट आपल्याला मुलगा असल्याची स्वप्नं सांगतो, आणि ते वर्णन एका बेपत्ता पोराशी जुळतं. इथे वहीचा उपयोग शून्य, क्लू मोजत बसाल तर वैतागाल, भीती हळूहळू अंगावर येते ती मजा. पण मालिका आठ पुस्तकांची आहे आणि क्रमानेच वाचावी लागते, हा खर्च धरून चाला.

बाकी दोन पटकन. लार्स केप्लर, स्वीडनचं जोडपं, 'द हिप्नॉटिस्ट' (२००९) पासून पुढे, वेगवान आणि भरपूर रक्तपात, मला झेपत नाही, तुम्हाला झेपत असेल तर रात्रीत संपेल. एमा लेथन म्हणजे दोन बायका, एक अर्थतज्ज्ञ, एक वकील, डिटेक्टिव्ह वॉल स्ट्रीटवरचा बँकर, कामातल्या क्लायंटना कळू नये म्हणून नाव लपवलेलं. बँकेत नोकरी करणाऱ्यांनी तर वाचाच, त्यातले टोमणे नीट पोचतील.

तर मामेभावाला सांगितलं की तू सुडोकू सोडवणारा माणूस, क्वीन घे, वहिनीसाठी फ्रेंच घे. त्याने दोन्ही मागवलं, फक्त फ्रेंचचं दुसरं पुस्तक सेकंडहँड स्वस्त मिळालं म्हणून पहिल्याऐवजी तेच घेतलं, आणि वहिनीला पहिल्याचा शेवट तिथेच कळून बसला. आता ती माझ्यावर चिडलीये.