पेरुजात राहून दिवसाच्या सहली, गाडीविना: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

नवऱ्याच्या पोस्टडॉकमुळे (पीएचडीनंतरचं संशोधन) सप्टेंबर ते मे आम्ही इटलीतल्या पेरुजाला होतो. गाडी घेतली नाही, त्यामुळे शनिवार-रविवारची भटकंती सगळी रेल्वे आणि एसटीसारख्या निळ्या बसने. जाण्याआधी मी नकाशात किलोमीटर मोजून ऐटीत यादी केली होती. असिसी २५ मिनिटं, गुब्ब्यो ४० किलोमीटर, सिएना तर काय शेजारीच. दुसऱ्या महिन्यात ती यादी केराच्या टोपलीत गेली.

कारण साधं आहे. ही गावं टेकडीवर आणि स्टेशनं पायथ्याशी. नेरळला उतरलं म्हणजे माथेरान आलं असं होतं का? असिसीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीमध्ये आहे, वर जायला बस धरावी लागते. कोर्तोनाला कामुचा स्टेशनवर उतरून मान वर केली की गाव दिसतं आणि पोटात गोळा येतो. स्पेल्लोला मात्र स्टेशनपासून चालत वेशीत शिरता येतं, म्हणून पाहुणे आले की पहिली सहल तिथलीच.

सगळ्यात बिनत्रासाचं ऑर्व्हिएतो. स्टेशनाबाहेर रस्ता ओलांडला की समोर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, दोन-तीन मिनिटांत कड्यावर. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर. वरच्या स्टेशनाला लागूनच सेंट पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून ही खोदायला घेतली. पन्नासेक मीटर खोल, २४८ पायऱ्या आणि एकात एक गुंफलेले दोन जिने, म्हणजे उतरणारं खेचर चढणाऱ्या खेचराला आडवं येत नाही. बाबांनी आयुष्यभर गडावरची टाकी पाहिलेली, ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "पाण्याची काळजी सगळीकडे सारखीच गं." आई वरच थांबली, गुडघ्यांमुळे.

आता गुब्ब्यो. तो रविवार मी विसरणार नाही. सकाळी बसने गेलो, कन्सुलांच्या (जुन्या नगराधिकाऱ्यांच्या) राजवाड्यातले प्राचीन उंब्रियन भाषेतले सात कांस्यपट पाहिले, जेमतेम दोन माणसं उभी राहतील अशा रोपवेच्या उघड्या पिंजऱ्यातून डोंगरावर जाऊन आलो. हा पिंजरा थांबत नाही, चालताचालता उडी मारून आत शिरायचं. संध्याकाळच्या बसची वेळ मी 'फेरिआले'च्या रकान्यात पाहून ठेवली होती. इटालियनमध्ये 'फेरिए' म्हणजे सुट्टी, एवढं शिकले होते. तर फेरिआले म्हणजे सुट्टीच्या दिवसाची गाडी, हा माझा हिशेब. थांब्यावर चाळीस मिनिटं थंडीत उभं राहिल्यावर समोरच्या बारमधल्या आजी बाहेर आल्या, वेळापत्रकावर बोट ठेवलं आणि मान हलवली. फेरिआले म्हणजे सोमवार ते शनिवार. रविवार-सणाचा रकाना 'फेस्तीव्हो', आणि त्यात त्या वेळेला काहीच नव्हतं. टॅक्सीला किती मोजले ते लिहीत नाही, नवरा हे वाचतो. 'स्कोलास्तिको' लिहिलेल्या गाड्या तर फक्त शाळा चालू असतानाच धावतात.

तेव्हापासून सवयच लावून घेतली: आधी परतीची शेवटची गाडी बघायची, मग जायची. संपाचा दिवस निघाला तर प्रादेशिक रेल्वे कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या चालवते, तेवढ्यात बसवायचं. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका, दंड होतो. आणि बरीचशी चर्चेस दुपारी साडेबारा-एकला बंद होतात ती तीननंतर उघडतात. त्या वेळात आम्ही तोर्ता अल तेस्तो खायचो: तव्यावर भाजलेली जाड पोळी, आत परतलेला पालेभाजीचा सारण. शाकाहारी माणसाची मोठी सोय. आईने पहिला घास घेऊन सरळ "भाकरीच की" म्हटलं.

पेरुजाचा तोटा? फिरेन्झे (फ्लॉरेन्स) किंवा ऑर्व्हिएतोच्या बाजूला जायचं तर बहुतेक वेळा तेरोंतोलाला गाडी बदलावी लागते. पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली की पुढची गेलीच. त्या फलाटावर माझी दोन अख्खी पुस्तकं वाचून झाली. सिएना इथून एका दिवसात करू नका. फिरेन्झेहून बसने जा, बस वर गावाच्या कडेला सोडते, रेल्वे खालीच. खुद्द पेरुजात मात्र चढ जाणवत नाही. बसस्थानकापासून रोक्का पाओलीना किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने वर जातात. पोप तिसऱ्या पॉलने किल्ला बांधताना जी वस्ती गाडून टाकली तिच्या गल्ल्यांतून रोज भाजी घेऊन घरी यायचं.

सहलींचा तळ म्हणून पेरुजाला पाचपैकी साडेतीन. घरभाडं आणि तोर्ता धरून चार.

पुढच्या वेळी तीन रात्री ऑर्व्हिएतोलाच टाकणार आहे, कारण चिविता दि बान्योरेज्यो या कड्यावरच्या जुन्या गावाकडे जायची बस तिथून सुटते. वेळापत्रक काढून पाहिलं. रकाना फेरिआलेचा आहे.