मीठ आधीच मिसळलेला आगर: ५०० ग्रॅमचा डबा घ्यावा का?

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला भाईंदरच्या मिठागराचं पाणी नाहीतर खाडीचा चिखल हमखास येतो, आणि त्यातले सूक्ष्मजीव वाढवायला तयार हॅलोफिलिक (मीठप्रेमी) आगरची, म्हणजे पोषकं आणि मीठ घातलेल्या, जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या माध्यमाची पूड मागवली जाते. लिटरला साधारण ३१२ ग्रॅम पूड, त्यात २५० ग्रॅम निव्वळ मीठ. म्हणजे डब्यात जेमतेम दीड लिटर माध्यम, २० मिलीच्या ७५-८० प्लेटा (माध्यम ओतलेल्या झाकणाच्या उथळ बश्या). मिठागरांच्या जिल्ह्यात बसून मिठाला माध्यमाचा भाव मोजायचा!

मिठागराच्या पाण्याला मात्र पूड चोख आहे. ८०० मिली गरम पाण्यात ढवळत विरघळवावी आणि मग लिटर भरावा. सुरुवातीलाच लिटरभर पाणी घेतलं तर आकारमान वाढून मिठाचं प्रमाण उतरतं. पावसाळ्यात पुडीतलं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (यीस्टचा अर्क) ओलावा ओढून डब्यात गोळे होतात, त्यामुळे झाकण घट्ट हवं.

खरी तक्रार वेगळीच. ही पूड ‘मीठप्रेमी जीवाणूं’साठी म्हणून घेतली जाते, पण २५ टक्के मिठावर येणाऱ्या लाल-केशरी कॉलन्या (सूक्ष्मजीवांचे ठिपके) बहुतेक आर्कियाच्या, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या एकपेशीय जीवांच्या असतात. सॅलिनिबॅक्टर रूबर हा जीवाणूही लालच, म्हणून रंगावरून निकाल देऊ नये. उद्योगाला हवा असलेला हॅलोमोनास हा जीवाणू ५ ते १० टक्क्यांवर जोमाने वाढतो. हॅलोमोनास एलाँगाटा १५ टक्के मिठात वाढवून एकदम ३ टक्क्यांत टाकला की साठवलेलं एक्टोईन (खारेपणात पेशीला जपणारं द्रव्य) बाहेर सोडतो. तेच पुढे त्वचेच्या क्रीममध्ये जातं. या पुडीत मीठ कमी करायची सोयच नाही. पाणी वाढवलं तर पोषकंही पातळ होतात. म्हणून कमी खाऱ्या खाडीच्या चिखलासाठी घटक सुटे आणून मीठ आपल्या हाताने घालावं.

नमुना डिस्टिल्ड वॉटरमध्ये डायल्यूट केला तर अतिमीठप्रेमी पेशी फुटतात आणि प्लेट कोरी राहते. डायल्यूशनलाही तेवढंच खारं पाणी लागतं. ग्रॅम स्टेन या रंगचाचणीआधी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला पेशींचा थर) २ टक्के ॲसेटिक ॲसिडने फिक्स करावा, म्हणजे काचेवर पक्का बसवावा. प्लेटा ३७ ते ४० अंशांना दोन-तीन आठवडे ठेवाव्या लागतात, म्हणून ओल्या कापसासह बंद डब्यात ठेवाव्यात. नाहीतर आगर वाळून मिठाचे खडे येतात आणि नवशिके त्यांनाच कॉलन्या म्हणून मोजतात. भिंगाखाली खड्यांच्या कडा सरळ दिसतात. माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) उतू गेलं तर भांडं त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावं, क्लोराइडने स्टीललाही खड्डे पडतात.