डीएमजी २०२४, आठ महिन्यांनी : 'लो' लिहिलंय म्हणून चार गॉब्लिन सोडू नका

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात गेम चालवतो तो डन्जन मास्टर (डीएम); डीएमजी म्हणजे त्याच्यासाठीचं पुस्तक, डन्जन मास्टर्स गाइड. या पुस्तकात काय काय आहे ते एव्हाना सगळ्यांना माहीत आहे, म्हणून प्रकरणांची यादी देत नाही. बेळगावातलं टेबल, चार प्लेअर, पहिल्या लेव्हलपासून सुरुवात, आठ महिन्यांचा वापर. गेम चालवण्याचा चांगला सल्ला एका जागी मिळावा म्हणून डन्जन मास्टर्स गाइड घ्यावं का, एवढाच प्रश्न.

आधी तक्रार, आणि ती लढाईच्या बजेटच्या तक्त्याबद्दल आहे. एका लढाईत किती ताकदीचे शत्रू सोडायचे, ते हा तक्ता एक्सपी या गुणांत सांगतो. पहिल्या लेव्हलला दर कॅरेक्टरमागे लो (सोपी लढाई) ५०, मॉडरेट (मध्यम) ७५, हाय (अवघड) १०० एक्सपी. गॉब्लिन वॉरियर, म्हणजे छोटा राक्षस, ५० चा. चार कॅरेक्टरसमोर चार गॉब्लिन म्हणजे २००, म्हणजे 'लो'. २०१४ च्या पुस्तकात तीन ते सहा शत्रू असले की बेरीज दुप्पट धरायची, त्यामुळे हेच चार गॉब्लिन ४०० होऊन थेट 'डेडली'त (जीवघेण्या लढाईत) बसायचे. नव्या आवृत्तीत गुणक काढून टाकले. हिशेब झटपट होतो, हे खरं. पण पार्टी (प्लेअरांच्या कॅरेक्टरांचा गट) आडवी पडते ती इथंच.

का पडते ते बघा. विझार्डचा (जादूगार कॅरेक्टरचा) एसी, म्हणजे त्याला मारायला गाठावा लागणारा आकडा, १२; हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतो, ८. गॉब्लिनचा नेम +४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा वर पडलं की बाण लागला : ६५ टक्के. सरासरी मार ५.५. दोन बाणांत विझार्ड खाली, इथवर ठीक. आता तोच गॉब्लिन झुडपात लपवा. लपून मारल्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा), शक्यता ८८ टक्क्यांवर जाते, शिवाय अ‍ॅडव्हान्टेज असला की १डी४ (चार बाजूंच्या एका फाशाचा आकडा) जादा. सरासरी ८. म्हणजे एकाच बाणात विझार्ड जमिनीवर, आणि झुडपात अजून तिघं आहेत. बजेटचा आकडा मात्र २०० च. एका कॅरेक्टरमागे दोनपेक्षा जास्त शत्रू असतील तर लवकर मरणारे घ्या, असा इशारा पुस्तकात आहे. माणशी एक गॉब्लिन त्या इशाऱ्यात येतच नाही. पार्टी बेसावध असेल किंवा शत्रूला आडोसा असेल तर लढाई एक पायरी वरची धरा, हे २०१४ च्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. तो नियम आजही चालवा.

तिसऱ्या लेव्हलपर्यंत एवढं सांभाळा. चारही गॉब्लिन एकदम आणू नका : दोन आधी, दोन तिसऱ्या फेरीला. मार फाशांनी न काढता ठरलेला ५ घ्या (अ‍ॅडव्हान्टेज असेल तर ७), म्हणजे ८ हिट पॉइंटचा विझार्ड एका बाणात जात नाही. पहिल्या फेरीत एकाच कॅरेक्टरवर दोन बाण नकोत. लपायला डीसी १५ (फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) लागतो, गॉब्लिनचा स्टेल्थ (लपण्याचा बोनस) +६, म्हणजे दहातल्या चार वेळा तो लपूच शकत नाही. हा फासा टाकाच, आपोआप लपला असं धरू नका. दोघं पडले की उरलेले पळतात.

पहिले दोन-तीन महिने या तक्त्यापायी पुस्तक कपाटात ठेवावं असं मत होतं. ते आता बदललंय, आणि बदललं ते दुसऱ्या प्रकरणामुळे. २०१४ च्या पुस्तकात गेम चालवण्याचं प्रकरण आठवं होतं, आधी जग आणि विश्व उभारत बसायचं. इथं ते दुसरं आहे. फासा कधी टाकायचाच नाही, बोलाचालीचा प्रसंग कसा पुढे न्यायचा, हे नवीन डीएमला तिथं नीट सापडतं. कुणाला कोणता विषय टेबलावर नको, ते आधीच लिहून घ्यायचा फॉर्म आहे; त्याच्या झेरॉक्स काढून पहिल्या बैठकीला वाटाव्यात. पाच छोटी साहसंही कामाची आहेत.

ती साहसं इंग्रजीतून वाचून दाखवू नका. आपल्याकडे टेबलावर एका वाक्यात मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात. त्यात छापील इंग्रजी परिच्छेद सुरू झाला की तिसऱ्या ओळीला हात मोबाईलकडे जातो. खोलीमागे एक कार्ड : एक आवाज, एक वास, हात लावता येईल अशी एक वस्तू. किल्ल्याचं वर्णन करायचं तर येळ्ळूरचा राजहंसगड डोळ्यांसमोर ठेवा. वर जाणारी वाट, दरवाजा, तट, खाली दिसणारी शेतं. बघितलेल्या जागेत प्लेअर आपणहून प्रश्न विचारतात.

रहस्याचं साहस रचायचं असेल तर अशा खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडर यांचा २००८ चा तीन धाग्यांचा नियम या पुस्तकाहून जास्त उपयोगी, आणि फुकट आहे. प्लेअरांनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवायचे. एक सुटतो, दुसऱ्याचा अर्थ चुकीचा लावतात, तिसरा हाताला लागतो. तिन्ही धागे फाशावर मात्र अवलंबून ठेवू नका.

आता पैशाचं. अमेरिकेतली छापील किंमत ४९.९९ डॉलर. बजेटचा तक्ता, गॉब्लिनचे आकडे, बऱ्याचशा जादुई वस्तू २०२५ मध्ये आलेल्या एसआरडी ५.२ मध्ये (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) फुकट मिळतात, क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली. तेवढ्यासाठी पुस्तक घेऊ नका. दुसरं प्रकरण, ती पाच साहसं आणि फॉर्म हवे असतील तर घ्या, पण पूर्ण ग्रुपमध्ये एकच प्रत. प्लेअरांना याची गरज नाही. आणि तक्त्याच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा : आडोसा असेल तर एक पायरी वर.