पहिल्या सेमिस्टरचं कॅल्क्युलस: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये नांदेडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, विषय गणित. पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस होतं. डिसेंबरअखेर तास संपले, जानेवारीत पेपर झाला, मार्चमध्ये निकाल लागला. आता एप्रिलच्या सुट्टीत कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी आले आहे, आणि बारावी झालेली दोन-तीन पोरं रोज विचारतात, "ताई, हे घ्यावं का? बारावीतलंच असतंय ना?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

"बारावीतलंच असतं" हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच मी फसले. अभ्यासक्रम बघितला तर लिमिट, कंटिन्यूइटी, डेरिव्हेटिव्ह, मीन व्हॅल्यू थिअरम, मॅक्सिमा-मिनिमा, शेवटी इंटिग्रेशन. सगळी ओळखीची मंडळी. सीईटीसाठी हेच दोन वर्षं घोटलेलं. सीईटीत गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. जपमाळ ओढावी तशी मी गणितं ओढायचे: पर्याय घालून बघ, शून्य भागिले शून्य दिसलं की एल हॉस्पिटल लाव (म्हणजे वरच्याचं आणि खालच्याचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घेऊन पुन्हा लिमिट काढ), पुढचा मणी. ऑगस्ट त्याच गुर्मीत गेला. तसेही तेव्हा तास झालेच नाहीत. कायम प्राध्यापकाची जागा रिकामी, आणि तासिका तत्त्वावरचे सर आले ते पोळा झाल्यावर.

सरांनी आल्या आल्या २० मार्कांची चाचणी घेतली. पहिला प्रश्न होता, एक्स शून्याकडे जाताना साइन एक्स भागिले एक्सची लिमिट १ येते हे सिद्ध करा. मी एका ओळीत एल हॉस्पिटल लावून मोकळी. शून्य मार्क! भांडायला गेले तर सरांनी एवढंच विचारलं, "साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस आहे हे कशावरून?" वही उघडली. ते सिद्ध करताना वापरली होती तीच लिमिट, जी मी सिद्ध करायला निघाले होते. रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड मागायचं आणि रेशनकार्डाला रहिवासी दाखला, तसा प्रकार. २० पैकी ६ मिळाले. बारावीला गणितात नव्वदच्या वर असलेल्या पोरीला ६.

(हा एल हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे, फ्रान्समधला एक सरदार माणूस. नियम मुळात योहान बर्नुली या स्विस गणितज्ञाचा. या सरदाराने १६९४ मध्ये त्याला तेव्हाच्या फ्रेंच चलनात वर्षाला ३०० लिव्र देऊन त्याचे नवे शोध स्वतःसाठी राखून घेतले आणि १६९६ मध्ये आपल्या पुस्तकात छापले. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांची फी ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी हे लक्षात ठेवावं. इथं फी भरणाऱ्याचं नाव थेट सूत्रालाच लागलं.)

खरा घाट म्हणजे एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिट आणि कंटिन्यूइटीची काटेकोर व्याख्या. बारावीत ते जवळजवळ नसल्यासारखंच होतं, इथं पहिला महिनाभर त्याशिवाय दुसरं काही नव्हतं. "डेल्टा बरोबर एप्सिलॉन भागिले चार घ्या" ही ओळ मी वहीत किती वेळा उतरवली असेल देव जाणे, पण चारच का, आणि घ्यायचा कशासाठी, पत्ता नाही. गणपतीला घरी आले तेव्हा पायरीवर बसून तेच गिरवत होते. आई शिलाई मशीनवर. म्हणाली, "कामून गं, काय गिरवायलीस एवढं?" सांगायला गेले आणि तिच्या हातातल्या ब्लाउजकडे बघता बघता माझंच मला कळलं.

ब्लाउजला छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन कापतात. एका भागात जेवढी चूक, तिच्या चौपट अंगावर येते. गिऱ्हाईक म्हणालं की अर्ध्या इंचाचा फरक चालेल, तर आईला कापताना एका सुताच्या आत राहावं लागतं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). गिऱ्हाईक म्हणालं पाव इंचच चालेल, तर अर्ध्या सुताच्या आत. गिऱ्हाईक सांगतं तो एप्सिलॉन, आई पाळते तो डेल्टा. गिऱ्हाईक कितीही किरकिरं असो, त्याला पुरेल इतकं नेमकं कापता येतं, याचं नाव कंटिन्यूइटी. आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "ह्यात शिकायसारखं काय हाय?" तिचं बरोबर होतं. पुस्तकात ते तिच्या भाषेत नव्हतं, एवढंच.

मग जिथं कंटिन्यूइटी नसते ते कसं दिसतं? एसटीचं भाडं बघा. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्पा ओलांडला की भाडं उडी मारतं. टप्प्याच्या रेषेला तुम्ही पावलाएवढे जवळ उभे राहा नाहीतर बोटाएवढे, अलीकडच्या आणि पलीकडच्या तिकिटातला फरक तेवढाच राहतो. तिथं आईसारखी हुशार शिंपीणही गिऱ्हाइकाला खूश करू शकत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना खरं अडतं ते वाक्यातल्या शब्दांच्या क्रमावर. "फॉर एव्हरी एप्सिलॉन देअर एक्झिस्ट्स अ डेल्टा" यातले शब्द पुढेमागे केले की अर्थच उलटतो हे मला ऑक्टोबरपर्यंत कळलं नव्हतं. पंगतीत "प्रत्येकाला एक भाकरी आहे" आणि "एक भाकरी आहे, ती प्रत्येकाला" यात जेवढा फरक, तेवढाच इथं. पहिल्यात सगळे जेवतात, दुसऱ्यात भांडणं लागतात. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, फार कामाला येतं. शब्दांचं म्हणाल तर डेरिव्हेटिव्ह काढण्याला मराठीत विकलन, इंटिग्रेशनला संकलन, फंक्शनला फल. वर्गात कुणी बोलत नाही, पण मला वाचताना आधार वाटला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ग्रहांच्या ज्या "तात्कालिक गती"चा विचार केला, तो शब्द तर "इन्स्टंटेनियस"पेक्षा कितीतरी लवकर डोक्यात शिरतो.

सप्टेंबरमध्ये डेरिव्हेटिव्ह सुरू झालं आणि त्याच आठवड्यात गोदावरीला पूर. माझी खोली जुन्या नांदेडात. विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले याच्याशिवाय गल्लीत दुसरा विषय नव्हता. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी पाणी चढतच होतं. घरमालकीण काकू हैराण: "पाऊस तर उघडला, मग पाणी कामून चढायलंय?" मी सकाळी नेमकं हेच शिकून आले होते. धरणात येणारं पाणी कमी होत असलं तरी, जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे तोवर साठा वाढणारच. साठा सगळ्यात जास्त होतो तो येणारं आणि जाणारं सारखं झाल्यावर. सर त्यालाच म्हणत होते, मॅक्सिममला डेरिव्हेटिव्ह शून्य. पाऊस सगळ्यात जोराचा असतो ती वेळ वेगळी, पाणी सगळ्यात वर असतं ती वेगळी. काकूंना पटलं की नाही माहीत नाही. त्यांनी गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवले, ते मात्र योग्यच केलं.

तेव्हापासून बातम्या ऐकताना गंमत वाटते. क्युसेक म्हणजे दर, सेकंदाला किती घनफूट तो; टीएमसी म्हणजे जमा झालेलं पाणी. एक डेरिव्हेटिव्ह, दुसरं इंटिग्रल. ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की १ टीएमसी होतं, करून बघा: टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागायचं. जायकवाडीच्या निमित्तानं मराठवाड्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे दोन्ही शब्द बोलतं. आपण कॅल्क्युलस बोलतोय हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

मीन व्हॅल्यू थिअरमवर जास्त लिहीत नाही. एसटीने ५० किलोमीटर सव्वा तासात कापले तर मध्ये कुठंतरी काटा बरोब्बर ४० वर असलाच पाहिजे. आमच्या गाडीचा काटा बंदच असतो हा भाग वेगळा.

आता तक्रारी. महिनाभर उशिरा सुरुवात झाल्यामुळे इंटिग्रेशनचं पूर्ण युनिट शेवटच्या नऊ दिवसांत गुंडाळलं. सरांचा दोष नाही, त्यांना तासावर पैसे, तेही कधी मिळतील याचा नेम नाही, आणि तरी ते रविवारी जादा तास घ्यायचे. खरी चीड येते ती पेपरची. चार महिने "का" विचारायला शिकवलं आणि जानेवारीच्या पेपरात मागच्या तीन वर्षांचेच प्रश्न, आकडेसुद्धा तेच. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा नोट्सचा गठ्ठा आठवडाभर पाठ करणाऱ्या मैत्रिणीला ६० पैकी ५२, मला ४१. त्यातले चार तर मी स्वतःच्या हाताने घालवले, कॅल्क्युलेटर कोन रेडियनऐवजी डिग्रीत मोजायच्या सेटिंगवर राहिला होता. पेपरला बसण्याआधी तो रेडियनवर आहे का बघा. हसू नका, वर्गात आणखी सहा जणांचं तेच झालं.

खर्च म्हणाल तर फारसा नाही. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ग्रंथालयातलं एखादं जाडजूड जुनं पुस्तक, आणि फोनवर जिओजेब्रा, ते फुकट आहे. त्यात कुठलाही आलेख काढून एका बिंदूपाशी मोठा करत जा. वळणदार रेघ हळूहळू सरळ (पण उभी नव्हे) दिसायला लागली की तिथं डेरिव्हेटिव्ह आहे. मॉड एक्सचा आलेख शून्यापाशी कितीही मोठा करा, कोपरा तसाच राहतो. हे दोन मिनिटं बघितलं असतं तर माझी दोन रात्रींची रडारड वाचली असती. गाइड घेऊ नका असं म्हणत नाही, पास व्हायला लागतंच. फक्त डिसेंबरच्या आधी उघडू नका.

आणि सीईटीत चांगले मार्क पडले म्हणून हा विषय घेणार असाल तर थोडं थांबा. ज्याला गणित लवकर सुटण्यातच मजा येते त्याला पहिले दोन महिने छळ वाटेल. वर्गात बारावीला साठ-पासष्ट टक्केवाले जे होते, त्यातले दोघं एप्सिलॉन-डेल्टात माझ्या पुढे गेले, कारण त्यांना घाई करायची सवयच नव्हती.

उपयोग काय, हा आमच्या अण्णांचा प्रश्न. मार्चपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर आणि पलीकडच्या वाडीवर मिळून खासगी टँकर येतो, १२,००० लिटरचा. वर्गणी चार वाट्यांची, एक वाटा आमचा, तीन वाडीचे. ड्रायव्हर वरच्या झाकणातून काठी घालतो. टाकी ४ फूट उंच, म्हणून वरचं एक फूट पाणी उतरलं की आमचा पाव झाला, असा हिशोब वर्षानुवर्षं. पण टाकी आडवी आणि गोल. वर निमुळती, मध्ये फुगीर. वरच्या एका फुटात पाव पाणी कसं मावेल? सुट्टीत वहीवर इंटिग्रेशन मांडलं तर साडेएकोणीस टक्के आलं. म्हणजे ३,००० लिटरऐवजी २,३५० च्या आसपास. प्रत्येक खेपेला साडेसहाशे लिटर कमी, आणि यात कुणी कुणाला फसवत नव्हतं.

मग खरा पाव कुठं येतो हे काढायला बसले तर समीकरण असं आलं की कुठल्याच सूत्रानं सुटेना: थीटा वजा साइन थीटा बरोबर पायचा अर्धा भाग (थीटा म्हणजे पाण्याच्या पातळीची रेघ टाकीच्या गोल तोंडाच्या मध्याशी करते तो कोन). डेरिव्हेटिव्ह वापरून अंदाज सुधारत जायची न्यूटनची पद्धत आठवली, २ पासून सुरुवात केली, या वेळी कॅल्क्युलेटर रेडियनवर. तीन फेऱ्यांत २.३१ वर स्थिरावलं. उंचीत मांडलं तर वरून साधारण सव्वाचौदा इंच.

अण्णांनी आधी दोन भरलेल्या बॅरलनी खात्री करून घेतली, माझ्या वहीवर त्यांचा तेवढाही विश्वास नाही. मग विळ्यानं काठीवर नवी खाच पाडली. वाडीवाल्यांशी दोन खेपा वाद झाला, तिसऱ्या खेपेला त्यांच्यातलाच एक पॉलिटेक्निकचा पोरगा वही घेऊन आला, दोन तास बसला आणि मान हलवून गेला. जुनी बारा इंचांवरची खाचही अजून आहे. ड्रायव्हर काठी वर काढतो, दोन्ही खाचांकडे बघतो, आणि मग अण्णांकडे.