रत्नागिरीची खोली आणि वरचा एक रुपया

आकडे जुळवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी बारा वर्षं अकाउंट्स बघते. ओटीपी कुणाला सांगू नका, आलेली लिंक उघडू नका, हे पगाराच्या दिवशी कामगारांना बजावणारी मीच. तरी यंदा जानेवारीत आम्हा दोघी मैत्रिणींचे मिळून ४८,००४ रुपये गेले. त्यातले ४५,००४ एका संध्याकाळी, दीड तासात. शेवटचे चार रुपये लक्षात ठेवा, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

मैत्रिणीचं नाव लिहीत नाही, तिनं तशी ताकीदच दिली आहे. ती एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. शाळेपासूनची मैत्री, आणि शाळेपासूनच "एकदा दोघींनीच समुद्र बघायचा" हे ठरलेलं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या माणसाला समुद्राची ओढ जरा जास्तच असते. लग्नं, पोरं, सासवांची आजारपणं यात वीस वर्षं गेली. यंदा गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, फिरताना पाळण्याच्या रांगेत ती म्हणाली, "अगं, २६ जानेवारी सोमवारी आलीय. शनिवार चौथा, म्हणजे तोही सुट्टीचा. काय करलालीस तू तेव्हा?" काही नाही करलाले, म्हटलं. आणि ठरलं.

रत्नागिरी निवडली, कारण एसटीनं जमत होतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचं बजेट निम्म्यावर आलेलं. शुक्रवारी रात्री निघायचं, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, तिथे गाडी बदलून आंबा घाट उतरायचा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादी लिहिली: थिबा राजवाडा, लोकमान्यांचं जन्मस्थान, १९३१ सालचं पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, भाट्याचा किनारा, आणि सोमवारी गणपतीपुळे. थिबा राजाबद्दल मैत्रिणीला फार उत्सुकता. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी आणून ठेवला, १९१० साली राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो वारलाही. "एवढा मोठा वाडा आणि सहा वर्षं," असं ती दोनदा म्हणाली.

१८ तारखेला, रविवारी, खोली शोधायला बसलो. जिथे तिथे फुल्ल. शेवटी फोनच्या नकाशावर राजवाड्याच्या जवळ एक छोटं घरगुती लॉज दिसलं. लोकांनी चांगलं लिहिलेलं, फोटो शंभरेक, खोल्या साध्या पण स्वच्छ. तिथेच दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडे हिंदी. "हाँ मॅडमजी, एकच रूम शिल्लक आहे." रात्रीचे ३,०००, दोन रात्रींचे ६,०००, निम्मे आगाऊ. मैत्रिणीनं विचारलं, "भाट्याचा बीच चालत किती लांब?" "दो मिनट, मॅडमजी."

कोकणातलं घरगुती लॉज आणि फोनवर अक्षरही मराठी नाही, हे तेव्हा खटकलं होतं. पण आजकाल हॉटेलांतली पोरं बाहेरचीच असतात, असं म्हणून मी ते गिळलं. पैसे पाठवताना स्क्रीनवर लॉजचं नाव न येता कुणा भलत्याच बाईचं नाव आलं. विचारल्यावर उत्तर तयार: "मालकीण बाईंच्या नावावर खातं आहे." आमच्या कारखान्याचीही दोन खाती शेठजींच्या सूनबाईंच्या नावावर आहेत, त्यामुळे ते मला अगदीच पटलं. ३,००० गेले. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पावती, वर लॉजचा फोटो, खाली शिक्का, बुकिंग कोड. पावती इतकी नीटनेटकी होती की आमच्या ऑफिसातली तितकी नसते.

मग पाच दिवस काही नाही.

शुक्रवारी, २३ तारखेला, संध्याकाळी सहाला मैत्रीण बॅग घेऊन माझ्याकडेच आली. ओट्यावर कडक भाकरीचा ढीग आणि शेंगा चटणीचा डबा बांधून ठेवलेला. दहाची गाडी. सव्वासहाला त्या लॉजवाल्याचा फोन. आता मागे वळून पाहताना ही वेळच मला सगळ्यात जास्त डाचते: बँका बंद झालेल्या आणि पुढचे तीन दिवस उघडणार नव्हत्या.

म्हणाला, लाँग वीकेंडची गर्दी आहे, आठच्या आत पूर्ण भाडं जमा नसेल तर सिस्टीम खोली आपोआप रद्द करते. गाडी साडेतीन तासांवर, दुसरीकडे खोली नाही. उरलेले ३,००० पाठवले.

दोन मिनिटांनी पुन्हा फोन, आवाज काळजीचा. "मॅडम, तुम्ही दोन वेगळ्या एंट्री केल्यात. सिस्टीम एकच घेते, ६,००१ ची. ६,००० भाडं, १ रुपया व्हेरिफिकेशन. एकदम ६,००१ पाठवा, आधीचे दोन्ही तीन-तीन हजार पाच मिनिटांत परत येतील."

इथे मी थांबायला हवं होतं. पण त्या वरच्या रुपयानंच मला गाठलं. बिल आणि पेमेंट यांत एका रुपयाचा फरक पडला की माझी अर्धी दुपार जाते, हा माझा रोजचा अनुभव. रकमा जुळल्या नाहीत म्हणून अडलेलं काम मला खोटं वाटतच नाही. गोल आकडा मागितला असता तर कदाचित संशय आला असता. ६,००१ ऐकून मला उलट बरंच वाटलं, कुठेतरी खरंच हिशेब ठेवतायत म्हणून. पाठवले.

मग तिसरा फोन. या वेळी "अकाउंट्स विभागातले साहेब" आले. मी शेऱ्यात बुकिंग कोड टाकला नव्हता म्हणे. "मॅडम, आपका पैसा सस्पेन्स में चला गया." सस्पेन्स हा शब्द कोणत्याही भामट्यानं सहज वापरावा असा नाही. कुठल्या खात्यात टाकायचे ते न कळलेले पैसे आम्ही तात्पुरते तिथेच टाकतो, महिन्यातून चार वेळा तरी मी तो शब्द उच्चारते. साहेबांचं म्हणणं असं, की अडकलेली रक्कम मोकळी करायला तेवढ्याच रकमेची एंट्री मारावी लागते. अडकलेले किती? तीन, तीन आणि ६,००१, म्हणजे १२,००१. मी मनातल्या मनात बेरीज केली, आणि त्यानं सांगितलेला आकडा तंतोतंत जुळला.

बेरीज बरोबर आली म्हणून मी पैसे पाठवले. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला.

या सगळ्यात "खोली" हा विषय केव्हाच संपला होता, ते लक्षातच आलं नाही. पहिल्या सहा हजारांनंतर मी रत्नागिरीसाठी एक पैसाही दिला नाही म्हणा ना. पुढचा प्रत्येक रुपया आधीचा रुपया सोडवायला गेला. तो माणूस मला काही विकत नव्हता, माझेच पैसे मला परत देत होता, आणि त्यासाठी मी त्याचे आभार मानत होते. खरंच, "थँक यू भैया" म्हणाले मी, मैत्रीण साक्षीला आहे.

आता माझे २४,००२ अडकलेले. साहेब म्हणाले, "आपका अकाउंट ब्लॉक दिखा रहा है. तुमच्यासोबत कुणी आहे का? रिफंड त्यांच्या खात्यात टाकतो." माझ्या फोनवर क्यूआर कोड आला. हिरव्या अक्षरांत "रिफंड", खाली रक्कम २४,००२, वर पुन्हा लॉजचा तोच फोटो. माझा फोन ओट्यावर भाकरीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मैत्रिणीनं तिच्या फोननं तो स्कॅन केला. रक्कम आधीच भरलेली. पिन मागितला. ती एक क्षण थांबली. "अगं, पैसे यायला पिन कशाला लागलालाय?" स्पीकरवर साहेब ऐकतच होते. "रिसीव्हिंग पिन, मॅडम. जल्दी कीजिए, कोड दोन मिनिटांत बाद होईल." तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ती मान हलवणं कुठल्याही तक्रार अर्जात लिहिता येत नाही.

यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोड स्कॅन करणारा पैसे देतो, घेत नाही. भाजीवाल्याचा कोड आपण रोज स्कॅन करतो आणि पैसे आपले जातात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या वेळी कळलं नाही. मैत्रिणीच्या फोनवर मेसेज आला: खात्यातून २४,००२ रुपये वजा. तिनं तो मोठ्यानं वाचला. स्पीकरवर साहेब अजून बोलतच होते, आता ४८,००४ ची एंट्री करू म्हणत होते. मैत्रिणीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

पावणेआठ झाले होते. तिच्या भावाला फोन केला, त्यानं एकच गोष्ट सांगितली: आधी १९३०, रडणं नंतर. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. बँक बंद असली तरी तो चालू असतो, हे मला माहीत नव्हतं. पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते तिथेच गोठवता येतात, म्हणून एकेक मिनिट मोलाचं. तिकडून प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी विचारला. पाच व्यवहार, पाच नंबर. माझा हात कापत होता, मैत्रीण वाचत होती, मी सांगत होते. तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले, आणि दुसऱ्या दिवशी सायबर पोलिस ठाण्यात जाऊन जबाब दिला. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवले हे नशीब, कारण रात्री नऊपर्यंत त्यानं व्हॉट्सॲपवरचे बरेचसे मेसेज पुसून टाकले होते.

मैत्रिणीच्या रकमेतले ९,५०० गोठवले गेले, बाकी तोवर पुढे गेले होते. माझ्या पैशांतलं काहीच हाती लागलं नाही. बँकेत मंगळवारी गेले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात ग्राहकाची चूक नसेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यावर भरपाईची सोय आहे, ते मी वाचून गेले होते. पण आमच्या बाबतीत पाचही वेळा पिन आम्हीच टाकलेला.

शनिवारी दुपारी, समुद्रावर बसायला जायचं त्या वेळी पोलिस ठाण्यातून परत येऊन, मैत्रीण त्या लॉजचे फोटो एकेक करत बघत बसली होती. एका पाहुण्यानं टाकलेल्या फोटोत फाटकावरची पाटी दिसत होती, जास्वंदीच्या फांदीआड अर्धी झाकलेली. पाटीवर रंगानं लिहिलेला नंबर. तिनं मोठा करून बघितला. आम्ही लावला तो नंबर हा नव्हता. नकाशावरच्या ठिकाणाच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतो, आणि तसा तो कुणीतरी बदलून ठेवला होता. खरा नंबर शंभर फोटोंतल्या एकात रविवारपासून आमच्या डोळ्यांसमोर होता.

त्या नंबरवर फोन केला. उचलणारे गृहस्थ वयस्कर, अस्सल कोकणी हेल. सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही चौथ्या हो. सगळे तोच नंबर सांगतायत. बदलायला कळवलंय, अजून झालेला नाय." खोली होती का, असं तरीही विचारलंच आम्ही. "या सुट्टीची? ती तर दिवाळीतच भरली." मग मैत्रिणीनं, कोण जाणे कशाला, विचारलं, "तुमच्याकडून भाट्याचा किनारा चालत किती लांब?" ते हसलेच. "चालत कुठला? सगळी टेकडी खाली उतरायची, खाडीवरचा पूल ओलांडायचा, मग भाट्ये. रिक्षाच करा."

दो मिनट, मॅडमजी.

एरवी सहलीचा खर्च दोघींत वाटताना आमची हटकून वादावादी होते. या वेळी तिचे २४,००२ आणि माझेही २४,००२. देणं-घेणं शून्य. तिचे सगळे मीच भरते म्हणाले, तर ती चिडली. "मान तू हलवलीस, पण बोटं माझी होती." २६ तारखेला झेंडावंदन झाल्यावर ती घरी आली. भाकऱ्या तशाच होत्या. कडक भाकरी महिना टिकते, प्रवासासाठीच करतात. दोघींनी चटणीवर तेल घेऊन त्या चुरून खाल्ल्या, बोललो फारसं नाही.

मंगळवारी बँकेतून बाहेर पडतेय तोच अनोळखी नंबरवरून फोन. या वेळी चांगलं मराठी. "सायबर विभागातून बोलतोय, मॅडम. तुमचे ४८,००४ रुपये रिकव्हर झालेत. सोडवायला ४८,००५ ची एंट्री करावी लागेल, ती लगेच परत येते." त्याला आकडा रुपयापर्यंत पाठ होता. असा आकडा तोंडपाठ असणारी माणसं जगात तीनच: मी, मैत्रीण आणि ते साहेब.

"आणि वरचा एक रुपया कशाचा हो?" मी विचारलं.

"व्हेरिफिकेशनचा, मॅडम."